टेबलमधील नेमकी पाचवी ओळ कशी मिळवावी?

प्रश्न:
माझ्या टेबलमधील काही नोंदी काढून टाकल्यामुळे आयडी सलग राहिलेले नाहीत, तरीही मला क्रमाने पाचवी येणारी ओळ हवी आहे. ओरॅकल या डेटाबेसमध्ये 'व्हेअर रोनम = ५' (रोनम म्हणजे निकालातील ओळीला मिळणारा क्रमांक) अशी अट दिली असता एकही ओळ मिळत नाही. याचे कारण काय असावे?

उत्तर १:
रोनमचा आकडा अट पूर्ण करणारी ओळ मिळाल्यावरच पुढे सरकतो. पहिल्या ओळीला १ हा क्रमांक मिळतो, तो ५ शी जुळत नाही म्हणून ती ओळ गळते, आणि मग पुढच्या ओळीलाही पुन्हा १ च मिळतो. ओरॅकलच्या १२सी आवृत्तीपासून 'ऑर्डर बाय आयडी ऑफसेट ४ रोज फेच नेक्स्ट १ रोज ओन्ली' (आयडीनुसार क्रम लावून पहिल्या ४ ओळी वगळा आणि पुढची १ द्या) असे लिहिता येते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ऑर्डर बायनंतर 'लिमिट १ ऑफसेट ४' पुरते.

उत्तर २:
उत्तर १ मधील ऑर्डर बाय कृपया कधीही गाळू नये. टेबलमधील ओळींना स्वतःचा असा क्रम नसतोच, त्यामुळे आज पाचवी दिसणारी ओळ नवा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) तयार केल्यावर दुसऱ्याच जागी येऊ शकते. क्रम तारखेनुसार लावत असाल, तर एकाच तारखेच्या अनेक नोंदींचा आपसातील क्रमही ठरलेला राहावा यासाठी तारखेमागे आयडी जोडावा. ही काळजी बरेच जण घेत नाहीत आणि मग निकाल बदलतो.

उत्तर ३:
प्रत्येक गटातील पाचवी ओळ हवी असल्यास 'रो_नंबर' हे ओळींना क्रमांक देणारे फंक्शन गट पाडणाऱ्या 'पार्टिशन बाय'सह सबक्वेरीत (क्वेरीच्या आतील क्वेरीत) वापरावे आणि अट बाहेरच्या क्वेरीत द्यावी. ऑफसेट लाखांत गेला, तर वगळायच्या ओळीही डेटाबेसला ओलांडाव्या लागतात, म्हणून तिथे शेवटच्या वाचलेल्या आयडीच्या पुढून वाचणे अधिक योग्य.