वॉर्नर ब्रदर्सनं मोनोलिथ हा गेम स्टुडिओ बंद केला, चारच नावं ठेवली. तुम्हाला हे पटतं का?

त्रिमूर्तीनगर_मागची_खोली:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळून राहिलंय, म्हणून विचारतो.

२०१५ च्या मे महिन्यात मी आणि धाकटा भाऊ 'शॅडो ऑफ मॉर्डर' हा कॉम्प्युटर गेम खेळायचो. बाहेर ४५ डिग्री. कूलरचा ओलावा कॅबिनेटमध्ये जाऊ नये म्हणून कॉम्प्युटर दाराआड सरकवलेला, म्हणजे हवा आम्हालाही नाही. सेव्ह एकच. एक मेला की दुसऱ्याचा नंबर.

भावाला एका साध्या ऑर्कनं, म्हणजे गेममधल्या राक्षसानं, मारलं. नाव ना गाव असलेला, गर्दीतला शिपाई. माझी पाळी आली तर तोच कॅप्टन होऊन उभा! नवं चिलखत, नवं नाव. मी त्याला शेकोटीच्या भडक्यात पाडलं आणि विषय संपला समजून पुढे गेलो. दोन दिवसांनी तो परत आला. अर्धा तोंडवळा भाजलेला, त्यावर फडकं गुंडाळलेलं, आणि आल्या आल्या आगीचंच बोलला. आम्ही त्याचं नाव 'जळका' ठेवलं. "जळका आला रे!" असं ओरडलो की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कोण आलं? चहा टाकू का?"

हा जळका कुणी लिहून ठेवलेला नव्हता. आमच्याच खेळण्यातून तयार झाला. शत्रू मागची लढाई लक्षात ठेवून असा परत येतो, याला नेमेसिस सिस्टिम म्हणतात आणि ती मोनोलिथनं घडवली. १९९४ पासूनचा स्टुडिओ, २००५ चा 'फिअर' पण त्यांचाच. वॉर्नर ब्रदर्सनं फेब्रुवारी २०२५ मध्ये तो बंद केला, सोबत आणखी दोन स्टुडिओ. यापुढे हॅरी पॉटर, गेम ऑफ थ्रोन्स, मॉर्टल कॉम्बॅट आणि डीसी (सुपरहिरोंचे कॉमिक्स), एवढ्यावरच लक्ष द्यायचं म्हणतात. मोनोलिथची 'वंडर वुमन' २०२१ मध्ये जाहीर झाली होती, तिच्यातही नेमेसिस येणार होतं. तीही रद्द.

काहून? वंडर वुमन डीसीचीच आहे नं? खात्रीच्या नावांवर भर द्यायचा तर ती आधी वाचायला पाहिजे होती. धंद्यातलं कळणाऱ्यांनी समजावून सांगा.

बर्डीवाला:
भाऊ, मी सीताबर्डीला गेमच्या डिस्क विकतो, तिथलं सांगतो. वाढदिवसासाठी आई-वडील येतात, त्यांना स्टुडिओबिडिओ माहीत नसतो. २०२३ मध्ये हॅरी पॉटरची 'हॉगवर्ट्स लेगसी' आली तेव्हा एक ताई आल्या. कव्हर बघितलं आणि म्हणाल्या, "याची पुस्तकं आहेत मुलीकडे, हेच द्या." मला एक शब्द बोलावा लागला नाही. तोच गिऱ्हाईक अनोळखी गेम दहा मिनिटं हातात धरतो आणि ठेवून देतो. मोठा गेम करायला चार-पाच वर्षं आणि शेकडो माणसं लागतात. हॉगवर्ट्स त्या वर्षी २ कोटी २० लाख प्रतींच्या वर खपला. कंपनी त्याच्याच मागे जाणार. मला त्यात चूक वाटत नाही.

महालची_पुण्यात:
बर्डीवाले दादा, गिऱ्हाइकाचं तुमचं बरोबर आहे. पण हॉगवर्ट्स कुणी केला तेही सांगा. ॲव्हलांच सॉफ्टवेअर. हाच स्टुडिओ डिस्नेनं २०१६ मध्ये बंद केला होता. २०१७ मध्ये वॉर्नरनं तो विकत घेतला, माणसं परत गोळा झाली आणि सहा वर्षांनी हा गेम आला. डिस्नेच्या वहीत तो स्टुडिओ तोट्याचा होता. मॉर्टल कॉम्बॅटचंही तसंच. २००९ मध्ये तो बनवणाऱ्या मिडवे कंपनीचं दिवाळं निघालं तेव्हा वॉर्नरनं नुसतं नाव नाही, बनवणारी टीमही घेतली, म्हणून तो आजही चालतो.

उलट उदाहरण वॉर्नरचाच 'सुईसाइड स्क्वॉड' गेम, २०२४. डीसीचं नाव आणि बॅटमॅनचे अरखम गेम्स करणारा रॉकस्टेडी स्टुडिओ, दोन्ही खात्रीचे. तरी २० कोटी डॉलर बुडीत दाखवावे लागले.

मी गेम टेस्टिंगमध्ये आहे. आमचा एक गेम असाच मध्येच थांबला. त्यातल्या एका लाकडी पुलावर घोडा तिसऱ्या फळीला अडकायचा. एका मुलानं तीन आठवडे बसून ते सोडवलं. गेम थांबल्यावर तो दुसऱ्या क्षेत्रात निघून गेला. आता तसाच पूल पुन्हा करायचा झाला तर विचारायचं कुणाला? फाइल्स सर्व्हरवर आहेत, पण घोडा का अडकायचा हे त्याच्या डोक्यात होतं.

बर्डीवाला:
हे मला माहीत नव्हतं ताई. पण त्रिमूर्तीनगरवाले, नेमेसिससारखं दुसरा कोणी करेलच की.

त्रिमूर्तीनगर_मागची_खोली:
तिथंच तर अडलंय भाऊ. त्याचं पेटंट वॉर्नरकडे आहे. २०२१ मध्ये मिळालं, २०३६ पर्यंत चालेल. म्हणजे ज्यांना ते करता येत होतं त्यांना घरी पाठवलं, आणि इतरांना तसंच्या तसं करता येत नाही. मला राग याचाच आहे.

ताईंचं वाचून एक लक्षात आलं. शॅडो ऑफ मॉर्डर हासुद्धा ओळखीच्याच नावाचा गेम होता, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या मिडल-अर्थचा. नाव बघून आम्ही घेतला, जळका आत भेटला. म्हणून माझं भांडण मोठ्या नावांशी नाहीच. चार काय, दोनच ठेवा. पण त्या नावाखाली नवं काही करून बघणारी टीम तरी ठेवा नं. त्याच्याच पुढच्या भागात, 'शॅडो ऑफ वॉर'मध्ये, सुरुवातीला पैसे देऊन ऑर्क घेता यायचे. लोक चिडले, मग २०१८ मध्ये ते दुकान काढून टाकलं. विकत घेतलेल्या ऑर्कला तुमची आग कुठून आठवणार?

भाऊ हैदराबादला असतो, पोळ्याला येतो आहे. जुनी हार्ड डिस्क कालच काढली. सेव्ह उघडली. जळका आहे अजून, ऑर्कच्या फौजेच्या खालच्या ओळीत, फडकं बांधलेला. मी पुढे खेळलो नाही. पाळी त्याची आहे.