तांदळात ठेवू नका, आजच उघडून घ्या

लॅपटॉपवर चहा सांडलाय, प्रबंधाच्या फाइली आत आहेत, काय करू, असं तुम्ही विचारलंय; त्यावर वर दोघांनी लॅपटॉप तांदळाच्या डब्यात ठेवायला सुचवलंय. कृपया तसं करू नका. तांदूळ आतला ओलावा ओढून घेत नाही, उलट त्याची भुकटी पोर्टमध्ये शिरते. शिवाय तुमच्याकडे सांडलाय तो दूध-साखरेचा चहा. पाणी उडून जाईल, पण चिकट थर मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर) तसाच राहील.

मुख्य मुद्दा बॅटरीचा. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती आतच असते आणि लॅपटॉप बंद केला तरी बोर्डाला जोडलेली राहते. ओल्या जागी वीज खेळत राहिली की गंज झपाट्याने चढतो. उघडल्यावर चिपच्या पायांशी हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते, ती म्हणजे हाच गंज. म्हणून ‘दोन दिवस वाळू दे’ म्हणत थांबू नका. आजच दुरुस्तीवाल्याकडे न्या, आधी बॅटरीचा कनेक्टर काढायला सांगा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (लगेच उडून जाणारं सफाईचं द्रव) आणि मऊ ब्रशने बोर्ड साफ करून घ्या.

तोपर्यंत चार्जर लावू नका, हेअर ड्रायर नको, आणि ‘चालू होतोय का बघू’ म्हणून पॉवर बटण तर अजिबात दाबू नका. प्रबंधाच्या फाइली आत अडकल्यात ना? मग ‘आधी डेटा वाचवा’ हे दुकानात शिरताच सांगा.