ओव्हनशिवाय बिस्किटांचे चॉकलेट ट्रफल : ठाण्याच्या दमट हवेत आवरण टिकवायचे कसे?

नौपाडा_ठाणे

भाऊबीजेला फराळाच्या डब्याबरोबर द्यायला चॉकलेट क्रीम बिस्किटांचे ट्रफल करावेत, असा विचार आहे. बिस्किटांचा चुरा क्रीम चीजमध्ये मळायचा, गोळ्या वळायच्या, फ्रिजमध्ये घट्ट करायच्या आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून काढायच्या, एवढीच कृती आहे. ओव्हन लागत नाही आणि मुलेही वळायला हौसेने बसतात, त्यामुळे चकली-चिवड्याच्या धांदलीतही हे जमेल असे वाटते.

गणपतीत एकदा करून पाहिले तेव्हा चवीला उत्तम झाले होते, पण आवरणाबद्दल काही शंका राहिल्या आहेत. आवरण चढवल्यावर तासाभरात काही गोळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा पडल्या आणि त्यांतून आतले मिश्रण ओलसर होऊन बाहेर डोकावू लागले. फ्रिजमधून काढून ताटलीत मांडल्यावर पाच मिनिटांत सगळ्यांवर पाण्याचे थेंब जमले, आवरण चिकट झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पांढुरके डाग दिसू लागले. शिवाय प्रत्येक गोळीच्या बुडाशी चॉकलेट पसरून जाड झालर तयार झाली होती, ती मोडायला गेले की आवरणाचा तुकडाही सोबत निघत होता.

ऑक्टोबरातला ठाण्याचा उकाडा आपल्याला ठाऊकच आहे. अशा हवेत कंपाउंड चॉकलेट वापरावे की कोको बटरचे, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीचे, खरे चॉकलेट? क्रीम चीज महाग पडते, तर त्याऐवजी श्रीखंडाचा चक्का चालेल का? आणि मला हे ट्रफल नेरूळला भावाकडे लोकलने न्यायचे आहेत. जाणकारांनी कारणांसह सांगितले तर फार उपयोग होईल.

सानपाडा_घरगुती

मी घरून चॉकलेटच्या ऑर्डर घेते, त्यामुळे या तिन्ही अडचणी माझ्या परिचयाच्या आहेत. त्यांतल्या चिरा आणि पाण्याचे थेंब या दोन्हींचे मूळ तापमानात आहे.

चिरांपासून सुरुवात करते. फ्रिजमधून काढलेली गार गोळी लगेच कोमट चॉकलेटमध्ये बुडवली, तर बाहेरचे आवरण गारव्याने झटकन आवळते आणि त्याच वेळी आतला गोळा खोलीच्या उष्णतेने हळूहळू फुगू लागतो. आवरण आकसत आहे आणि गाभा प्रसरण पावत आहे, अशा ओढाताणीत पातळ जागी चीर पडते. म्हणून गोळ्या वळल्यावर तासभर फ्रिजमध्ये ठेवाव्यात, फ्रीजरमध्ये मुळीच ठेवू नयेत, आणि बुडवण्याआधी दहा-पंधरा मिनिटे एसीच्या खोलीत बाहेर काढून ठेवाव्यात. हाताला गार लागावी पण बर्फासारखी थंड लागू नये, इतपत गोळी योग्य. हे काम स्वयंपाकघरात न करता एसी असलेल्या खोलीत करावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण एसी हवा गार करतो तसाच तिच्यातला दमटपणाही काढून घेतो.

आता चॉकलेटच्या निवडीबद्दल. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारांनी जमू शकतात. त्यांतला एकच प्रकार आपल्याला हवी असलेली चकाकी आणि कट्कन तुटणारा कडकपणा देतो आणि तो साधारण ३३ ते ३४ अंश सेल्सिअसला वितळतो. तो प्रकार मिळवण्यासाठी डार्क चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवून, २७-२८ अंशांपर्यंत उतरवून, पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत आणावे लागते. दुधाच्या चॉकलेटला हे शेवटचे तापमान २९-३० अंश असते. यालाच टेम्परिंग म्हणतात. घरी करायचे तर दोन तृतीयांश चॉकलेट वितळवून उरलेला एक तृतीयांश भाग बारीक चिरून थोडा थोडा त्यात ढवळत जाणे हा सोपा मार्ग आहे, परंतु त्याला थर्मामीटर आणि साधारण २० ते २२ अंशांची खोली हवी. दिवाळीच्या गडबडीत ही कसरत पहिल्यांदाच करू नये.

कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते, त्यामुळे टेम्परिंग करावे लागत नाही आणि ते उकाड्यातही अधिक तग धरते. चवीत मात्र फरक पडतो, तोंडात विरघळताना जिभेवर किंचित मेणचट थर राहतो, हे मान्य करायला हवे. माझे मत असे आहे की आतला गाभा बिस्किटांमुळे आधीच भरपूर गोड आणि चॉकलेटी असताना, प्रवासात नेण्याच्या ट्रफलसाठी चांगल्या प्रतीचे डार्क कंपाउंड हीच योग्य निवड आहे. पाकिटामागची घटकांची यादी जरूर वाचा. कोको बटर लिहिलेले असेल तर ते खरे चॉकलेट आणि हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलेले असेल तर ते कंपाउंड.

वितळवताना मायक्रोवेव्ह अर्ध्या शक्तीवर ठेवून तीस-तीस सेकंदांनी ढवळत राहावे. पातेल्यातल्या पाण्यावर भांडे ठेवून वितळवणार असाल तर भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नये आणि वाफ आत जाऊ देऊ नये. चॉकलेटमध्ये पाण्याचे दोन-चार थेंब पडले तरी त्यातली साखर ओलावा धरून गोळा होते आणि सगळे मिश्रण रवाळ, घट्ट होऊन बसते. असे चॉकलेट आवरणासाठी वाया गेले, पण गरम साय किंवा दूध घालून त्याचा सॉस करता येतो.

झालर येते ती जास्तीचे चॉकलेट न निथळल्यामुळे. गोळी काट्यावर नुसती तोलून धरावी, टोचू नये. चॉकलेटमधून वर उचलल्यावर काटा भांड्याच्या कडेवर चार-पाच वेळा हलकेच आपटावा म्हणजे वरचा थर सपाट होऊन खाली ओघळतो, मग काट्याची खालची बाजू कडेवरून पुसून घ्यावी आणि टूथपिकच्या टोकाने गोळी बटर पेपरवर सरकवावी. चॉकलेट फारच दाट असेल तर कंपाउंडमध्ये पाव किलोला एक चमचा, एवढेच वास नसलेले रिफाइंड तेल घालावे. खोबरेल तेल घालण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो, परंतु ते सुमारे २४ अंशांलाच वितळते, त्यामुळे आपल्याकडच्या हवेत आवरण मऊ पडते आणि बोटांचे ठसे उमटतात.

नेरूळ_पूर्व

आवरणाबद्दल वर सविस्तर आलेच आहे, म्हणून मी गाभ्याबद्दल लिहितो. गाभा सैल असेल तर कितीही उत्तम आवरण चढवले तरी तो ओलावा सोडतोच.

३०० ग्रॅम बिस्किटांना १६० ते १७० ग्रॅम क्रीम चीज हे प्रमाण मला योग्य वाटते. यात पंधरा-पंधरा ग्रॅमच्या तीसएक गोळ्या होतात आणि आवरणाला पाव किलोच्या थोडे वर चॉकलेट लागते, कारण बुडवायला भांड्यात खोली हवी. बिस्किटांमधले पांढरे क्रीम काढून टाकू नये; त्यातली चरबी आणि साखर मिश्रण बांधायला मदत करतात. चुरा मात्र अगदी बारीक हवा. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून तो चाळणीतून गाळून घ्यावा, कारण हरभऱ्याएवढा एखादा तुकडाही पातळ आवरणातून टोक बाहेर काढतो आणि नेमकी तिथूनच चीर सुरू होते. क्रीम चीज खोलीच्या तापमानाला आलेले असावे आणि एकजीव होईपर्यंतच मळावे. फार मळल्यास चरबी सुटून मिश्रण तेलकट होते. पुरणासारखे घट्ट, मुठीत दाबल्यावर आकार धरणारे मिश्रण झाले की थांबावे.

चक्क्याबद्दल विचारले आहे. चक्का चालतो, पण त्यात क्रीम चीजपेक्षा पाणी बरेच जास्त असते आणि आंबटपणाही अधिक असतो. डेअरीतून आणलेला चक्का तसाच न वापरता फडक्यात बांधून, वर वजन ठेवून, रात्रभर फ्रिजमध्ये निथळत ठेवावा. तरीही तो एकदम सगळा न घालता चमच्या-चमच्याने घालावा, कारण बिस्किटांचा चुरा ते पाणी हळूहळू शोषून घेतो आणि सुरुवातीला कोरडे वाटलेले मिश्रण अर्ध्या तासाने मऊ होते. असे ट्रफल दोन दिवसांत संपवावेत. घरी लगेच खायचे असतील तर चक्क्याची आंबटसर चव डार्क चॉकलेटबरोबर फार छान लागते. दिवाळीत भेट म्हणून द्यायला मात्र मी ते सुचवणार नाही.

कळवेकर

भेट द्यायची आहे तर क्रीम चीज आणि चक्का, दोन्ही बाजूला ठेवून कंडेन्स्ड मिल्क वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भाऊबीजेच्या दिवशी एका घरातून दुसऱ्या घरात, दुपारच्या उन्हात, गप्पांच्या नादात डबा किती वेळ बाहेर राहील याचा भरवसा नसतो. क्रीम चीजचा पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा अधिक नको. कंडेन्स्ड मिल्कमध्ये साखरेचे प्रमाण इतके जास्त असते की जंतूंच्या वाढीला लागणारे मोकळे पाणी फारसे उरत नाही, म्हणून त्याचा गाभा अधिक टिकतो.

३०० ग्रॅम बिस्किटांना १०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कने सुरुवात करावी आणि गोळी वळेपर्यंत एकेक चमचा वाढवावे. क्रीमची बिस्किटे घेतली तर फार गोड होते. त्याऐवजी साधी मारी बिस्किटे घेऊन त्यात दोन मोठे चमचे कडू कोको पावडर, चिमूटभर मीठ आणि आवडत असल्यास अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी घालावी. भाजून भरड केलेले काजू किंवा अक्रोडही घालता येतात, पण डब्यावर तसे लिहून ठेवावे, कारण काहींना सुक्या मेव्याची ॲलर्जी असते. एवढे सगळे सामान दिवाळीआधी वाशीच्या एपीएमसीत (घाऊक बाजारात) किंवा आपल्या जांभळी नाक्याच्या बाजारात घेतलेले परवडते.

नौपाडा_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. कंडेन्स्ड मिल्क आणि मारी बिस्किटे वापरायची आणि आवरणाला डार्क कंपाउंड घ्यायचे, हे मी आता ठरवले आहे. पाण्याच्या थेंबांचा आणि पांढऱ्या डागांचा प्रश्न तेवढा उरला. फ्रिजमध्ये ठेवू नयेत तर घरात ३० अंशांवर ठेवायचे कुठे, आणि ठेवावेत तर बाहेर काढताना काय काळजी घ्यायची?

सानपाडा_घरगुती

हे माझ्या आधीच्या उत्तरात राहून गेले. ३० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत सुमारे २५ अंशांपेक्षा गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. फ्रिजमधला ट्रफल चार-पाच अंशांवर असतो, त्यामुळे तो उघड्या हवेत आला की त्यावर थेंब जमणारच. त्या थेंबांत आवरणावरची साखर विरघळते आणि पाणी उडून गेल्यावर तीच साखर पांढरट, खरबरीत डागांच्या रूपाने मागे राहते. बुरशी समजून लोक असे ट्रफल फेकून देतात. हे डाग दवामुळे पडलेले असतील तर ट्रफल खाण्यास योग्य असतो, फक्त तो भेट देण्यासारखा दिसत नाही.

उपाय असा, की दव ट्रफलवर न धरता डब्याच्या बाहेरच्या बाजूने धरू द्यावे. आवरण पूर्ण वाळल्यावर ट्रफल एसीच्या खोलीतच हवाबंद डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून भरावेत आणि मगच तो डबा फ्रिजमध्ये ठेवावा. काढताना डबा बंद ठेवूनच तास-दीड तास बाहेर राहू द्यावा. बाहेरचे पाणी फडक्याने पुसावे आणि आतले ट्रफल खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण उघडावे. झाकण लवकर उघडण्याचा मोह मुलांना फार होतो, तेवढे सांभाळावे.

आपल्याला कंडेन्स्ड मिल्कचा गाभा करायचा असल्यामुळे आणखी एक सोय आहे. भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळी ट्रफल करून, डब्यात भरून, रात्रभर एसीच्या खोलीतच ठेवले तर फ्रिजमध्ये न्यावेच लागत नाहीत आणि दवाचा प्रश्नही येत नाही.

नेरूळ_पूर्व

लोकलचे मी सांगतो, कारण ठाणे-नेरूळ हा माझा रोजचा प्रवास आहे. गाडीत अर्धा-पाऊण तास जातो आणि दोन्ही टोकांना रिक्षा धरून एकूण सव्वा तास होतो. शक्य असल्यास सकाळी लवकर निघावे. प्रत्येक ट्रफल कागदी वाटीत ठेवून डबा असा गच्च भरावा की गोळ्या एकमेकींवर आपटणार नाहीत, आणि तो डबा जाड कापडी पिशवीत, जेवणाचा डबा नेतात तशा इन्सुलेटेड बॅगेत ठेवावा. बर्फाची जेल-पिशवी ठेवायची असेल तर ती टॉवेलमध्ये गुंडाळून डब्याच्या बाजूला ठेवावी, थेट डब्याला चिकटवू नये, नाहीतर एका कडेचे ट्रफल जास्त गार होऊन डबा उघडताच त्यांच्यावर दव धरेल. बॅग वरच्या रॅकवर न ठेवता मांडीवर आडवी धरून बसावे. नेरूळला पोहोचल्यावर डबा लगेच फ्रिजमध्ये टाकू नका. खायची वेळ होईपर्यंत पंख्याखाली, सावलीत, बंदच राहू द्या.