बहिणीला न्यू जर्सीचं स्थळ आलंय, लग्नाआधी नेमकं काय विचारू?

कुडाळची ताई:
धाकटी बहीण बी. फार्म., कणकवलीत मेडिकलच्या दुकानात काउंटर सांभाळते. बाबांच्या औषधांचा खर्च तीच करते. मुलगा एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे; ही एच-४वर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर जाणार. मुलगा सालस वाटला. पण बोलणी करायला आलेले त्याचे मामा म्हणाले, "तिला कमवायची गरजच काय?" आमच्याकडच्यांनी माना डोलावल्या. आई तर खूश, "चेडवाचा नशीब उघाडला!" बहीण मात्र तेव्हापासून गप्प आहे. तिला तिकडे नोकरी करता येईल का?

गुहागरकरीण (सध्या एडिसन, न्यू जर्सी):
ताई, मीही एच-४वरच आले. या व्हिसावर नुसतं येऊन नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणींना वर्क परमिट मिळतं, पण त्यासाठी बहुतेक वेळा नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज, मंजूर असावा लागतो. "ग्रीन कार्डचं चाललंय" एवढ्यावर गप्प बसू नका. मंजूर झालाय की नुसता भरलाय, ते विचारा.

तिच्या पदवीचंही बघा. २००३ पासून पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टना इथे लायसन्सच्या वाटेला लागायलाच किमान पाच वर्षांचा फार्मसी कोर्स लागतो. आपलं बी. फार्म. चार वर्षांचं. एच-४वर शिकता येतं, पण फी कोण भरणार?

माझा नवरा वाईट नाही. पण सुरुवातीला त्याच्याच कार्डावर सामान आणायचे. सुक्या बांगड्याचं पाकीट घेतलं तरी त्याच्या फोनवर मेसेज जायचा आणि संध्याकाळी "आज काय घेतलंस?" रत्नागिरीत स्वतःच्या पगारावर जगलेल्या बाईला ते फार लागतं. जॉइंट खातं आणि गाडीचं लायसन्स, दोन्ही गेल्या गेल्या करायला सांगा.

देवगडच्या काकू:
माझा मुलगा तिकडे एकटा होता तेव्हा डाळ-भात, भांडी, सगळं करायचा. सून गेल्यावर पाण्याचा पेलाही उचलेना. मी फोनवर त्याला खडसावलं. स्वयंपाक कोण करणार, हे मुलालाच विचारा, मामांना नको. लग्नाची नोंदणी करून दाखल्याची प्रत माहेरी ठेवा, आणि पासपोर्ट कायम तिच्याच कपाटात राहू दे.

कुडाळची ताई:
काकू, हे सगळं बहिणीला वाचून दाखवलं. रविवारी मुलाशी व्हिडिओ कॉल आहे, ती एकटीच बोलणार. आईला मी समजावते. आय-१४०चं काय ते कळलं की इथे लिहिते.