मदत हवी आहे: ट्रेंबलर कॉइल टेबलावर चालते, चढावर मात्र दगा देते

नमस्कार.

आमच्या तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यांना सुरुवातीच्या मोटारगाड्यांची ठिणगी कशी पडत असे हे दाखवण्यासाठी आम्ही तिघे सहकारी एक चालते प्रात्यक्षिक तयार करत आहोत. संथ फिरणारे एक सिलिंडरचे जुने पेट्रोल इंजिन तीनचाकी लोखंडी सांगाड्यावर बसवले असून ठिणगीसाठी सहा व्होल्टची बॅटरी आणि जुन्या बाजारातून मिळालेली ट्रेंबलर कॉइल (कंप पावणाऱ्या पट्टीने प्रवाह जोडत-तोडत बॅटरीच्या कमी व्होल्टेजपासून ठिणगीचे जास्त व्होल्टेज बनवणारी, चालताना भुणभुणणारी कॉइल) वापरली आहे. कार्यशाळेत हे इंजिन चाळीस मिनिटे विनातक्रार चालले. आवारातील खडीच्या रस्त्यावर मात्र ग्रंथालयाकडे जाणारा लहानसा चढ लागला की ते मिसफायर होऊ लागते (मध्येच ठिणगी चुकून अडखळते), आणि सपाटीवर आले की जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरळीत चालते.

ट्रेंबलरचे पॉइंट (प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने साफ केले, कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा भाग) बदलला, प्लग नवा घातला, बॅटरीची जोडणी घट्ट केली. प्लग बाहेर काढून पाहिल्यास ठिणगी निळी आणि जोरकस दिसते. पहिला संशय पेट्रोलवर होता, कारण १८८८ च्या ऑगस्टमध्ये मोटारगाडीचे जर्मन निर्माते कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांसह त्यांच्या मोटारगाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या तेव्हा त्यांचीही इंधननळी तुंबली होती आणि ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली होती. आमची नळी स्वच्छ आहे. त्याच प्रवासात प्रज्वलनाच्या तारेला त्यांनी मोजे वर धरणाऱ्या गार्टरचे वेष्टन दिले, हेही वाचले आहे. परंतु शंभरावर किलोमीटरच्या त्या वाटेत बिघडलेल्या तारेचा दोष आमच्या दोनशे मीटरच्या रस्त्यावर कसा दिसावा, हे कळत नाही. दोष कॉइलचा आहे की तारांचा, आणि तो गाडी उभी असताना कसा ओळखावा, याचे मार्गदर्शन कृपया करावे.

प्रतिसाद:

आपण एक गोष्ट लिहिली नाही: मिसफायर होत असताना कॉइलची भुणभुण चालू राहते की थांबते? थांबत असेल तर बॅटरीकडची तार किंवा पॉइंट सैल आहे, असे समजावे. भुणभुण चालू असूनही इंजिन चुकत असेल, तर कॉइल आपले काम करते आहे आणि ठिणगी वाटेतच पळते आहे. प्लग बाहेर काढून केलेल्या परीक्षेवर फार विसंबू नये, कारण उघड्या हवेत सहज उडणाऱ्या ठिणगीला सिलिंडरमधील दाबाखाली बरेच जास्त व्होल्टेज लागते. चढावर थ्रॉटल (हवा-पेट्रोलचे मिश्रण आत सोडणारी झडप) उघडल्याने सिलिंडरमध्ये अधिक मिश्रण भरते, दाब वाढतो, आणि मग विजेला प्लगच्या फटीपेक्षा घासलेल्या वेष्टनातून सांगाड्याकडे जाणे सोपे पडते. म्हणूनच अंतर किती कापले याला येथे फारसे महत्त्व नाही. तार कुठे घासली आणि इंजिनावर भार किती, एवढेच पाहावे. रात्री दिवे मालवून, इंजिन चालू ठेवून, मागचे चाक कोरड्या लाकडाने हळूहळू दाबून भार द्यावा आणि प्लगची तार नजरेखालून घालावी. तारेला हात मात्र लावू नये.

कंपनांना कमी लेखू नये, एवढेच जोडतो. १९०७ साली रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टने लांब पल्ल्याची चाचणी दिली, तेव्हा ६२९ मैलांवर पेट्रोलचा कॉक (तोटी) हादऱ्याने आपोआप बंद झाल्यामुळे तिला थांबावे लागले. त्यानंतर मात्र ती १४,३७१ मैल अनैच्छिक थांब्याविना धावली. एवढ्या जपून बांधलेल्या गाडीला एका कॉकने अडवले, तर आपल्या सांगाड्यावरच्या तारेने कुरबुर केली यात नवल नाही.

धागाकर्त्याचे उत्तर:

मनःपूर्वक आभार. भुणभुण चालूच होती. काल रात्री साडेआठला कार्यशाळेचे दिवे मालवून पाहिले, तेव्हा प्लगपासून साधारण वीतभर अंतरावर, तार जिथे सांगाड्याच्या रिव्हेटवरून वळते तिथे, चाक दाबताच निळसर ठिणगी टिकटिकत उडताना दिसली. तिथले वेष्टन नखाएवढ्या भागात घासून तांबे उघडे पडले होते. तूर्त तारेवर रबरी नळी चढवून ती रिव्हेटपासून दूर बांधली आहे आणि चढ तीनदा पार केला. आता प्रश्न असा की कायमस्वरूपी बसवण्यासाठी चिनी मातीचे आधार घ्यावेत की लाकडी, कारण आमच्या सांगाड्याला हादरे बरेच बसतात?