विंडोज ७ च्या जुन्या संगणकांवर पायथन ३.८ पुरेसे आहे, लिनक्सची गरज नाही

खानापूरकर :
खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेला एका संस्थेने आपले वापरून झालेले काही संगणक दिले आहेत. सर्वांवर ३२ बिट विंडोज ७ आहे आणि रॅम दोन जीबी. आठवी-नववीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायची आहे, पण तिच्या ३.९ पासून पुढच्या आवृत्त्यांना विंडोज ८.१ किंवा त्यानंतरची विंडोज लागते, त्यामुळे नवा इंटरप्रिटर (प्रोग्राम वाचून चालवणारे सॉफ्टवेअर) या संगणकांवर बसत नाही. अनेकांनी विंडोज पुसून लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली टाकण्याचा सल्ला दिला. मला तो पटत नाही.

विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका ३.८ आहे आणि तिचा विंडोजसाठी तयार मिळणारा शेवटचा इन्स्टॉलर ३.८.१० चा आहे. त्याची ३२ बिट फाइल तीस एमबीच्या आत आहे, त्यामुळे ती पेनड्राइव्हवरून सगळीकडे बसवता येते. सर्व्हिस पॅक १ आणि त्यानंतरची अपडेट्स तेवढी आधी बसवलेली असावीत. चले, अटी, लूप, फंक्शन, याद्या, फाइल वाचणे-लिहिणे हे सर्व ३.८ मध्ये आहे. शालेय स्तरावर याहून अधिक काही लागत नाही.

शिवाय पायथन ३ मध्ये चलाचे नाव देवनागरीत देता येते. 'बेरीज = अ + ब' ही ओळ पायथनसोबत येणाऱ्या आयडल या एडिटरमध्ये जशीच्या तशी चालते. मुलाने इनपुटला '१२' असे मराठी अंक टाइप केले, तरी मजकुराचा पूर्णांक करणारे इंट फंक्शन त्याची संख्या बाराच करते. कोडमध्ये थेट लिहिलेले अंक मात्र इंग्रजीच हवेत. घरी मराठी, कार्यालयात कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या आपल्या सीमाभागातील मुलाला निदान विचार तरी स्वतःच्या भाषेत मांडता यावा, याला मी फार महत्त्व देतो.

टिळकवाडी, बेळगाव :
सर, आपल्या हेतूबद्दल आदर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. ३.८ ची सुरक्षा अपडेट्स ऑक्टोबर २०२४ मध्येच थांबली. इंटरनेट न जोडलेल्या प्रयोगशाळेत तो मुद्दा मी सोडून देईन. माझा खरा आक्षेप शिकण्याविषयी आहे.

मुलगा पहिल्या ओळीत प्रिंटचा कंस उघडतो आणि बंद करायला विसरतो. ३.८ त्याला दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवून केवळ 'इनव्हॅलिड सिंटॅक्स' (रचना चुकीची) सांगते, आणि तो बिचारा निर्दोष ओळ तपासत बसतो. ३.१० पासून इंटरप्रिटर नेमक्या त्या कंसावर खूण करून 'हा कंस बंदच केलेला नाही' असे सांगतो. नवशिक्याचा निम्मा वेळ चुका शोधण्यात जातो. तिथेच जुनी आवृत्ती त्याला एकटे सोडते. डेबियन १२ या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती उपलब्ध आहे, तिच्यात पायथन ३.११ येते, आणि तिच्यावर आधारलेले अँटीएक्स २३ हे हलके लिनक्स दोन जीबी रॅममध्ये व्यवस्थित चालते. मराठी चले तिथेही चालतातच.

आणखी एक गोष्ट तपासावी. विंडोज ३२ बिट असली, तरी प्रोसेसर ६४ बिट असू शकतो. इंटेलचा कोअर टू ड्युओ तसाच आहे. मग लिनक्सची ६४ बिट आवृत्तीही टाकता येईल.

निपाणीकर :
पायथनचाच हट्ट कशासाठी? रिओ दि जानेरोच्या विद्यापीठात १९९३ मध्ये तयार झालेली लुआ ही प्रोग्रामिंगची भाषा शुद्ध सी भाषेत लिहिलेली आहे. तिचा इंटरप्रिटर काहीशे केबींचा असतो आणि सी कंपायलर असलेल्या बहुतेक कोणत्याही जुन्या यंत्रावर तो तयार करता येतो. आमच्याकडे अजून विंडोज एक्सपी आहे. तिथे पायथन ३.४.४ च्या पुढचा इन्स्टॉलर चालत नाही, आणि त्या आवृत्तीत एफ-स्ट्रिंगसुद्धा (मजकुरात चलाची किंमत थेट घालण्याची सोय) नाहीत, कारण त्या ३.६ मध्ये आल्या.

खानापूरकर :
निपाणीकर, एक्सपीसाठी लुआ योग्य ठरेल, यात वाद नाही. मात्र लुआमध्ये चलाचे नाव देवनागरीत देता येत नाही आणि 'नमस्ते' या शब्दाची लांबी ती अठरा सांगते, कारण ती बाइट मोजते. पायथन सहा सांगते. सहा कसे, हे जोडाक्षर फोडून फळ्यावर दाखवता येते. अठराचा खुलासा आठवीच्या मुलाला कसा द्यावा?

टिळकवाडीकर, कंसाचा मुद्दा बिनतोड आहे. पण त्यासाठी सगळी यंत्रणा बदलण्याची आवश्यकता नाही. एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झालेला थॉनी हा एडिटर पायथन ३.८ सह ३२ बिट विंडोज ७ साठी मिळतो. बंद न केलेला कंस तो टाइप करतानाच रंगाने दाखवतो, आणि प्रोग्राम एकेक पायरी चालवून चलांच्या किमती कशा बदलतात तेही दाखवतो. त्यातच शाळेचा कन्नड पत्रव्यवहार 'नुडी' या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर होतो आणि त्यासाठी विंडोज हवीच.

टिळकवाडी, बेळगाव :
थॉनीने माझा आक्षेप बराच सौम्य होतो, हे मान्य करतो. परंतु नुडी कार्यालयातील एका संगणकावर लागते. त्यासाठी सगळी प्रयोगशाळा विंडोजला बांधून ठेवणे योग्य नाही. हीच मुले पुढे बेळगावात अभियांत्रिकीला आली की त्यांना नमपाय ही आकडेमोडीची पायथन लायब्ररी लागेल, आणि १.२४ नंतरच्या नमपायने ३.८ सोडून दिले आहे. विंडोज पुसायची नसेल, तर अँटीएक्स पेनड्राइव्हवरूनही चालू करता येते आणि केलेले काम त्यातच साठवता येते.

खानापूरकर :
पेनड्राइव्हचा उपाय आमच्या भागात टिकणार नाही. पावसाळ्यात इथे वीज केव्हाही जाते, प्रत्येक संगणकाला यूपीएस नाही, आणि लिहिणे चालू असताना वीज गेली तर पेनड्राइव्हवरची साठवण बिघडते. नमपायची वेळ येईल तेव्हा ती मुले कॉलेजच्या संगणकावर असतील. माझ्या जागी बदलून येणाऱ्या शिक्षकाला विंडोज येत असेलच. लिनक्स येईल याची खात्री कोण देणार? बेळगाव किंवा खानापुरातील कोणी दर महिन्याला येऊन लिनक्सचे संगणक सांभाळायला तयार असेल, तर त्यांतल्या दोन संगणकांवर मी आजच डेबियन टाकून घेईन. तोवर थॉनी आणि ३.८.