मदत हवी आहे: मलेरियाचा धोका मुलीला जास्त की आईला?

वाटसरू७
बदली झालीय, पंधरा दिवसांत हजर व्हायचंय. तिकडे मलेरिया फार आहे असं जो तो सांगतोय. मुलगी अडीच वर्षांची, आई ६८. दोघींना नेऊ की पुण्यातच ठेवू? जास्त धोका कोणाला? आधीपासून गोळ्या घेता येतात का? लवकर सांगा, घरात रोज यावरून वाद चाललेत.

मैना
तिकडे म्हणजे कुठे?

अभि_कोथरूड
सरळ आहे, पाच वर्षांखालची मुलं. जगात मलेरियाने जातात त्यात बहुतेक तीच. पुण्यातच आहात तर सिरमची मलेरियाची लस देऊन टाका.

वाटसरू७
भामरागड, गडचिरोली जिल्ह्यात.

रानवाटा
अभि, ते चित्र आफ्रिकेतलं आहे. तिथे मोठ्यांना लहानपणापासून सारखा मलेरिया होऊन थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते, म्हणून मुलं जास्त दगावतात. पुण्याहून येणाऱ्या कोणाकडेच ती नसते. मी तिकडेच शेजारच्या एटापल्लीला होतो, क्वार्टरमध्ये सगळ्यात आधी मीच आडवा झालो. फरक एवढाच की लहान मूल फार लवकर खालावतं, फॅल्सिपेरम म्हणजे मलेरियाचा जास्त घातक प्रकार असेल तर दिवसभरातच झटके येतात, साखर उतरते, अंगातलं रक्त कमी होतं. मोठ्यांत कावीळ आणि किडनीचा त्रास जास्त. आणि ती लस पुण्यात बनते पण आपल्याकडच्या लसीकरणात नाही.

सुगरण_ताई
पपईच्या पानाचा रस द्या, आमच्या ह्यांच्या प्लेटलेट चार दिवसांत वर आल्या.

रानवाटा
ताई, तो डेंग्यू. इथे रसावर थांबलात तर पोर हातचं जाईल. ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडे जायचं, बोटातून थेंबभर रक्त घेऊन किटवर वीसेक मिनिटांत कळतं.

मैना
आईंना शुगर, बीपी? आणि मिसेस येणार का, त्यांचं काहीच लिहिलं नाहीत.

वाटसरू७
आईला शुगर आहे, गोळी चालू आहे. बायको येणारच, चौथा महिना लागलाय. ती तरुण आहे, म्हणून तिचं विचारलं नव्हतं.

मैना
अहो मग सगळ्यात आधी तिचाच विचार करा! गरोदरपणात हे जंतू वारेत साठतात, आईचं रक्त उतरतं, बाळ कमी वजनाचं होतं, कधी गर्भपातही होतो. मी पीएचसीत नर्स आहे. आधीपासून घ्यायच्या गोळ्यांतली डॉक्सी तिला चालत नाही, आठ वर्षांखाली मुलीलाही नाही. व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार परत उलटू नये म्हणून देतात ती प्रायमाक्विनही गरोदरपणात देत नाहीत. तिघींसाठी वेगवेगळं ठरवावं लागेल, डॉक्टरांना भेटा.

अभि_कोथरूड
तरी मी म्हणतो, पाच वर्षांखालची मुलं.

वाटसरू७
ठीक, बाळंतपण होईपर्यंत तिघी पुण्यात, मी पुढे जातो. औषध लावलेली मच्छरदाणी इथून नेऊ का?

रानवाटा
तिकडे सरकारी वाटप होतं पण नव्या माणसाला लगेच मिळेल असं नाही, एक घेऊनच या. रात्री कडा गादीखाली नीट खोचा, आणि कितीही उकडलं तरी बाहेर अंगणात खाटेवर झोपू नका.